कार्ब्युरेटरचे कूळ

ज्या वस्तूंवाचून एक सबंध शतक जागचे हलले नसते, त्या नाहीशा होऊ लागल्या म्हणजे त्यांचे सुतक धरावयास कोणी पुढे येत नाही. कार्ब्युरेटर ही अशांपैकी एक वस्तू होय. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात गाड्यांच्या धुराविषयीचे अधिक कडक नियम अमलात आले, आणि नव्या दुचाकींतूनही या यंत्राचे जवळजवळ उच्चाटन झाले. मोटारींतून ते त्याच्या बऱ्याच आधी गेले होते. आता पेट्रोल किती सोडावयाचे हे एक विजेची पेटी ठरविते, आणि ती बिघडली तर पेटीच बदलावयाची असते. तिच्याशी भांडता येत नाही, तिची समजूतही घालता येत नाही. कार्ब्युरेटरशी या दोन्ही गोष्टी करता येत असत.

या यंत्राचे काम सांगावयास सोपे आहे. पेट्रोल नुसते पेटते. इंजिन चालवावयाचे तर ते हवेत योग्य प्रमाणात मिसळावे लागते. हे प्रमाण वजनाने एकास सुमारे पंधरा असे आहे. म्हणजे एक लिटर पेट्रोल नीट जळावयास जवळजवळ नऊ हजार लिटर हवा हवी. बारा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशा खोलीतील हवेचा हा चौथा हिस्सा झाला. एवढ्या हवेत ते लिटरभर पेट्रोल धुक्यासारखे पसरावयाचे, आणि तेही गाडी चढावर असो, उतारावर असो वा चौकात नुसती घुरघुरत उभी असो, प्रमाण न बिघडविता! यासाठी योजिलेली युक्ती मात्र अगदी साधी आहे. नळी मध्येच अरुंद केली की तेथे वाऱ्याचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. त्या जागी पेट्रोलचे बारीक तोंड आणून ठेवले की पेट्रोल आपोआप ओढले जाते. अरुंद नळीचा हा धर्म व्हेंतुरी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने १७९७ साली प्रसिद्ध केला, आणि मायबाख या जर्मन यंत्रज्ञाने १८९३ च्या सुमारास त्यावर इंजिनाचा फवारा बसविला. पुढील शंभर वर्षांत जे झाले ते याच युक्तीचे भाष्य, टीका आणि टिप्पणी होय.

आता भाष्ये म्हटली की संप्रदाय आलेच. अमेरिकेत कार्टर, स्ट्रॉमबर्ग, हॉली. फ्रान्सात सोलेक्स आणि झेनिथ. आणि या प्रत्येकाच्या शाखा-उपशाखा. एकाच साच्यातून निघालेले दोन कार्ब्युरेटर बाहेरून जुळ्या भावांसारखे दिसतात, पण आतील छिद्रांत केसाइतके अंतर असते. आणि त्या केसामुळे एक ट्रकाला लागू पडतो व दुसरा पडत नाही. वैद्याच्या दोन पुड्या रंगाने सारख्या असल्या तरी मात्रा निराळी असावी, तसे हे आहे. म्हणून जुन्या गाडीचा कार्ब्युरेटर निकामी झाला की पहिला प्रश्न 'नवा कोठे मिळेल' हा नसतो. 'हा कोण' हा असतो.

हा प्रश्न आमच्यापर्यंत आला तो आमच्या इंग्रजीच्या प्राध्यापकीमुळे. यंत्राशी आमचा संबंध वाचनापुरताच. आमचे थोरले मामेभाऊ, ज्यांना घरात लहानमोठे सर्वच दादा म्हणतात, कागल तालुक्यात राहतात. त्यांच्या खळ्याशेजारच्या पडवीत १९४८ सालचा एक शेवरलेट ट्रक उभा आहे. जनरल मोटर्सने मुंबईस शिवडी येथे १९२८ साली जोडणीचा कारखाना काढला होता, तो १९५४ साली बंद झाला. या ट्रकाची जोडणीही तेथीलच. मामांनी तो घेतला तेव्हा गुऱ्हाळांचा हंगाम ऐन भरात असे, आणि गुळाचे रवे घेऊन हा ट्रक पहाटे कोल्हापुरास शाहूपुरीतील अडतीवर उभा राही. पुढे त्याच्या बरोबरीच्या पुष्कळ ट्रकांची पेट्रोलची इंजिने निघून त्यांच्या जागी पर्किन्सची डिझेल इंजिने आली. याचे मात्र मूळचे सहा सिलिंडरांचे इंजिन तसेच राहिले. अकरा वर्षांपूर्वी तो शेवटचा चालला.

दादांचे वय ब्याऐंशी. दृष्टी मंदावली आहे. मुले पुण्यास असतात. पडवीची जागा त्यांना मोकळी हवी आहे, आणि भंगारवाल्याने ट्रकाचा भाव वजनावर सांगून ठेवला आहे. यात मुलांचा दोष आहे असे आम्हांस वाटत नाही. न चालणारा ट्रक हा खरोखर लोखंडाचा ढीगच असतो. अखेर असे ठरले की, दिवाळीपर्यंत तो आपल्या पायांनी पडवीबाहेर आला तर राहील, नाही तर जाईल. दादांनी फोनवर आम्हांस एवढेच सांगितले, "अरे, तू इंग्रजीचा प्रोफेसर. त्या कार्बोरेटरवर काय लिहिलंय तेवढं वाचून दे. मेस्त्री म्हणतोय, नाव कळल्याबिगर दुसरा मिळायचा नाही."

त्यावर लिहिलेले होते ते फारच थोडे. 'मेड इन इंग्लंड' ही अक्षरे, आणि बगलेवर उठावाचा एक आकडा. हा आकडाच पुष्कळांना चकवितो. तो ओतीव साच्याचा आकडा असतो, यंत्राचा नव्हे. जुन्या पुस्तकाच्या कागदावर पाणचिन्ह असते, त्यावरून कागदाची गिरणी कळते. ग्रंथकर्त्याचे नाव कळत नाही. एकच साचा दहा निरनिराळ्या कार्ब्युरेटरांना चालतो. खरे नाव अमेरिकन कारखाने एका चिमुकल्या पत्र्यावर ठोकीत, आणि तो पत्रा वरच्या झाकणाच्या एखाद्या स्क्रूखाली अडकवीत. पहिला मेस्त्री झाकण उघडतो, पत्रा बाजूला ठेवतो, आणि झाकण पुन्हा बसते तेव्हा पत्रा बाजूलाच राहतो. जगातील बहुतेक जुने कार्ब्युरेटर असेच अनामिक झाले आहेत. हाही तसाच अनामिक, फक्त इंग्लंडचा.

दादांचा नातू पुण्यास अभियांत्रिकीचे शिक्षण घेतो. त्याने छायाचित्रे काढून ठिकठिकाणच्या जाणकारांना पाठविली. एकाने उत्तर दिले की हा कार्टर आहे. दुसऱ्याने सोलेक्स म्हटले. तिसऱ्याच्या मते तो मुळात नावेच्या इंजिनाचा होता. पहिल्या उत्तराचे कारण उघड होते. त्या काळच्या शेवरलेटला कारखान्यातून कार्टरचाच 'डब्ल्यू-वन' कार्ब्युरेटर येत असे. १९३२ पासून १९४९ पर्यंत तो क्रम होता, आणि पुढे त्याची जागा रॉचेस्टरने घेतली. जाणकारांनी ट्रक पाहून कार्ब्युरेटर ओळखला. पोथीच्या वेष्टनावरून आतील ग्रंथ ओळखण्याची ही पद्धत आमच्या क्षेत्रातही अपरिचित नाही.

मेस्त्रींनी मात्र तो उघडला. हे मेस्त्री कोल्हापुरास उद्यमनगरात पन्नास वर्षे काम करीत आले आहेत. इंग्रजी वाचता येत नाही, आणि त्यावाचून त्यांचे काही अडलेही नाही. त्यांनी दोन बोल्ट काढले तसे पेट्रोलचे वाडगे सबंध हातात आले, आणि तळाशी शेजारी शेजारी दोन जेट दिसले. "सर, ह्यो कार्टर न्हवं," ते म्हणाले. "कार्टरला आत सुई असते. पाय दाबला की ती वर येते आन् पेट्रोल सुटतं. ह्याला सुईच न्हाई. दोन भोकं हाईत."

हे दोन जेट म्हणजे या कुळाची खूण होय. एकच जेट असला तर एक अडचण उभी राहते. इंजिनाचा वेग वाढेल तसे पेट्रोल हवेपेक्षा अधिक झपाट्याने ओढले जाते आणि मिश्रण दाट होत जाते. मंद चालीत योग्य असलेला जेट भर वेगात काळा धूर ओकतो. भर वेगाला योग्य असा घातला तर मंद चालीत इंजिन उपाशी मरते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लियाँ येथील बाव्हेरे नावाच्या फ्रेंच यंत्रज्ञाने यावर तोड काढली. त्याने पहिल्या जेटाच्या जोडीला दुसरा असा ठेवला की, तो वाऱ्याच्या ओढीला बळी न पडता एका उघड्या विहिरीत आपल्याच संथ गतीने पेट्रोल सोडीत राहतो. वेग वाढला तरी त्याचे देणे वाढत नाही. म्हणजे हवेच्या मानाने त्याचे मिश्रण पातळ होत जाते. एक दाट होणारा, एक पातळ होणारा. दोघांची बेरीज जवळजवळ कायम. संसारात अशी जोडपी आम्ही पाहिली आहेत, आणि ती बहुधा सुखी असतात. याच तत्त्वावर झेनिथ कार्ब्युरेटर उभा राहिला, आणि त्याच्या शाखा इंग्लंड-अमेरिकेत गेल्या. तेव्हा कूळ ठरले: झेनिथ, इंग्रज शाखा, खालच्या दिशेने वारा घेणारा.

परंतु कूळ कळले म्हणजे व्यक्ती कळली असे नव्हे. येथून मापांचे प्रकरण सुरू झाले. बैठकीच्या दोन बोल्टांमधील अंतर, तळाच्या नळीचा व्यास, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मधली ती अरुंद नळी. ती वेगळी काढता येते आणि तिच्यावर मिलिमीटरांत आकडा असतो. हिच्यावर २८ होता. मेस्त्रींचा एक सहकारी म्हणाला, "कशाला एवढा खटाटोप? जीपचा बसवून टाका, बाजारात पडलेत." हा सल्ला पुष्कळ जुन्या ट्रकांनी ऐकला आहे आणि त्यापायी ते चढावर धापा टाकीत मेले आहेत. जीपचे जुने इंजिन सव्वादोन लिटरांचे. या ट्रकाचे साडेतीन लिटरांचे. मिनिटाला तीन हजार फेरे घेताना हे इंजिन सुमारे चार हजार लिटर हवा ओढते. लहान घशाचा कार्ब्युरेटर घातला तर रिकामा ट्रक सुरेख चालेल, निपाणीपर्यंत जाऊनही येईल. पण पाठीवर माल आणि पुढे चढ आला की तोंडाला फडके बांधून पळणाऱ्या माणसासारखी त्याची गत होईल.

मुळात बदलावयाचे कारण काय, हेही सांगितले पाहिजे. या यंत्राचे अंग जस्ताच्या मिश्रधातूचे असते. कोणी तरी कधी काळी बैठकीचे बोल्ट फाजील आवळले होते. बैठक वाकली होती आणि कोपऱ्यात तडा गेला होता. या धातूला वेल्डिंग नीट धरीत नाही. शिवाय फडके ज्या दांडीवर फिरते ती झिजून तिच्या बाजूने हवा शिरत होती. दांडीला नवी बुश घालता आली असती. तड्याला इलाज नव्हता.

तो उतरविला तेव्हा त्याच्याखाली कोणाच्याच अपेक्षेत नसलेली एक वस्तू निघाली. इंजिनाच्या नळकांड्याची भोके कार्टरच्या मापाची होती. झेनिथची बैठक तिच्यावर बसणे शक्य नव्हते. म्हणून दोहोंच्या मध्ये अर्ध्या इंचाची ॲल्युमिनियमची एक पट्टी घातलेली होती. ती यंत्रावर केलेली नव्हती. कानशीने घासलेली होती, आणि घासल्याचे ओरखडे एका कडेला अजून दिसत होते. चार भोके: दोन खालच्या मापाची, दोन वरच्या. आणि पृष्ठभागावर डॉट पंचाने एकेक टिंब ठोकून अक्षरे काढली होती: 'पुढे'. शेजारी एक बाण.

दादांना विचारले तेव्हा ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाबांनी केलीय ती." हकीकत अशी की, १९५७ च्या सुमारास देशात परकीय चलनाची टंचाई झाली, आयातीवर कडक निर्बंध आले, आणि अमेरिकन गाड्यांचे भाग मिळेनासे झाले. मूळचा कार्टर हंगामाच्या तोंडावर गेला. गूळ गुऱ्हाळात पडून, अडत्याची उचल डोक्यावर. मामा मुंबईस गेले, आणि लष्कराच्या मोडीत काढलेल्या कोणत्या तरी इंग्रजी लॉरीचा हा कार्ब्युरेटर पिशवीतून घेऊन आले. तीन रात्री कंदिलाच्या उजेडात त्यांनी ती पट्टी घासली. दादा तेव्हा शाळेत जाणारे. पट्टी धरून बसण्याचे काम त्यांचे. चौथ्या दिवशी ट्रक शाहूपुरीत उभा होता.

मेस्त्रींनी मोठ्या जेटाला भिंग लावले आणि ते हसले. त्याच्यावरचा आकडा खोटा होता. मूळचे भोक डाग देऊन बुजविले होते आणि त्यात नवे पाडले होते. इंग्रजी लॉरीचे जेट या इंजिनाला पचेना, म्हणून मामांनी ते आपल्या अंदाजाने लहानमोठे करून पाहिले असले पाहिजेत. शाळा चौथीपर्यंत, पण इंजिनाचा आवाज ऐकून मिश्रण दाट की पातळ हे सांगण्याची विद्या त्यांच्याजवळ होती.

आता वाद उभा राहिला. नातवाचे म्हणणे असे की, ही उत्तम संधी आहे. पट्टी काढून टाकावी, अमेरिकेहून दुरुस्त केलेला अस्सल कार्टर मागवावा, आणि ट्रक कारखान्यातून निघाला तसा करावा. त्याच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच होते. पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी सरकारने २०२१ साली जे नियम केले, त्यांतही 'मूळ स्वरूप' राखण्याचीच अट आहे. आणि कार्टर हा त्या इंजिनासाठीच जन्मलेला असल्याने तो बसविणे सोपे. मुलाचा उत्साह पाहून त्याला नाही म्हणणे जिवावर येत होते.

आमचे मत मात्र निराळे पडले, आणि ते कोठून आले हे सांगावयास हवे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ साली आरंभिली आणि १९६६ साली पुरी केली. हजाराहून अधिक हस्तलिखिते त्यासाठी पाहण्यात आली. या कामाची पद्धत बांधली ती डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर यांनी. मागाहून घुसलेले श्लोक त्यांनी मूळ संहितेतून काढले हे सर्वांना ठाऊक असते. पण ते फेकून दिले नाहीत, तळटीपांत आणि परिशिष्टांत एकूण एक जपून ठेवले, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. प्रक्षिप्त म्हणजे खोटे नव्हे. कोणा तरी वाचकाला, कोणत्या तरी गावी, त्या जागी काही कमी वाटले आणि त्याने ते भरले, याचा तो पुरावा असतो. तळटीप छापण्याची सोय पुस्तकात असते, ट्रकात नसते. इंजिनावर कार्ब्युरेटर एकच बसतो. अमेरिकन कार्टर या ट्रकावर जेमतेम नऊ-दहा वर्षे होता. इंग्रज झेनिथ, मामांची पट्टी आणि मामांनी पाडलेले भोक यांच्यावर तो पन्नासांहून अधिक वर्षे चालला. मूळ स्वरूप कोणते, हे ठरविताना कारखान्याची तारीख हाच एक साक्षीदार का धरावा, असे आम्ही विचारले. नातू म्हणाला, "आत्येआजोबा, तुम्ही हे भावनेने बोलताय." आम्ही म्हणालो की, भावनेने बोलणे आणि चुकीचे बोलणे या दोन गोष्टी नेहमी एकच नसतात.

निकाल दादांचा. ते एवढेच म्हणाले, "पट्टी ऱ्हाऊ दे."

मग झेनिथ शोधणे आले. कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात तीन फेऱ्या झाल्या. पहिल्या दुकानदाराने छातीठोकपणे दिलेला माल परत करावा लागला, कारण बैठक जुळत होती पण वाडगे भलत्याच बाजूला होते. तिसऱ्या फेरीत एक धड अंग मिळाले: तेच कूळ, तीच बैठक, दांडी घट्ट. आतील नळी मात्र २६ ची. ती काढून जुनी २८ ची घातली. उरले जेट. आकडे विश्वासाचे नाहीत हे आता ठाऊक होते. म्हणून मेस्त्रींनी जी रीत केली ती आम्हांस फार आवडली. त्यांनी एक बाटली खुंटीला उलटी टांगली, तिला रबराची नळी लावली, नळीच्या टोकाला जेट बसविला, आणि खाली औषधाचे माप धरले. पाण्याची पातळी तीच ठेवून प्रत्येक जेटाला माप भरावयास किती सेकंद लागतात ते नातवाने मोजावयाचे. दुकानातून आलेल्या जेटाला पन्नास सेकंद लागले. मामांच्या जेटाला त्रेचाळीस. तीन वेळा मोजले, तिन्ही वेळा तेच. दुसरा, संथ जेट दोन्हींचा सारखाच निघाला. तेव्हा मामांचा जेट नव्या अंगात गेला. जुन्या काळी कारखानेही काही जेट असेच मिनिटाला किती पाणी जाते त्यावरून मोजीत; हे मेस्त्रींना कोणी शिकविले नव्हते.

एक अडचण मात्र मामांच्या काळी नव्हती. २०२५ सालापासून आपल्या पेट्रोलात शेकडा वीस इथेनॉल येऊ लागले आहे, आणि त्यातील बराचसा भाग उसापासून होतो. ज्या ट्रकाने आयुष्यभर उसाचा गूळ वाहिला त्याने म्हातारपणी उसाचाच अर्क प्यावा, हा योग मजेचा खरा. पण जुन्या रबराला तो सोसत नाही, आणि जळताना त्याला हवा कमी लागते. एका भागाला पंधरा नव्हे, नऊ. म्हणजे पूर्वीच्या जेटातून तेवढेच पेट्रोल गेले तर मिश्रण पातळ पडणार. नळ्या व पंपाचा पडदा बदलले. जेटाला हात लावण्याआधी तसेच चालवून पाहू, असे ठरले.

बसविण्याच्या दिवशी पट्टी पुसून स्वच्छ केली, नवे पॅकिंग कापले. खालची भोके दोन्ही बाजूंनी सारखीच, पण वरची किंचित सरकलेली. उलटी बसली तर दांडी ओढणारी सळई पोहोचत नाही. पट्टीवरील टिंबे घासटून पुसट झाली होती आणि पडवीत उजेड कमी. मेस्त्री चष्मा शोधू लागले. दादा खुर्चीवरून उठले, पट्टी हातात घेतली, अंगठा तिच्यावरून फिरविला, आणि ती फिरवून मेस्त्रींच्या हातात दिली. "अशी," ते म्हणाले.

हँडलच्या पाचव्या फेऱ्याला इंजिन फुरफुरले, सातव्याला लागले. पांढरा धूर बराच निघाला. शेजारची म्हैस दावे तोडून गेली, तिला आणावयास नातू धावला. ट्रक पडवीबाहेर आला आणि खळ्याला एक वळसा घालून चिंचेखाली उभा राहिला. दिवाळीला तेव्हा अकरा दिवस होते.

अमेरिकेहून मागविलेला कार्टर मागाहून आलाच. नातवाने आम्हां कोणास न सांगता पैसे भरून ठेवले होते. तो खोक्यासकट कपाटात आहे. गेल्या आठवड्यात दादांचा फोन आला. रिकामा ट्रक माळाच्या चढावर दुसऱ्या गिअरात नीट जातो. तिसऱ्यात घातला की खोकतो. मेस्त्रींच्या मते मिश्रण पातळ पडते आहे. मामांचा जेट मोठा करावयास ते तयार नाहीत. दुकानातून आलेला जो पन्नास सेकंदांचा आहे, त्यालाच नवे भोक पाडून एकेचाळीस सेकंदांवर आणणार आहेत, आणि मोजावयास नातू येत्या रविवारी पुण्याहून यावयाचा आहे.